कचेरीतला हरवलेला कर्ता

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या महाडात मध्यंतरी एक सभा झाली. सभेस दोन वक्ते होते. पहिल्यांचे म्हणणे असे की, आपल्या कचेऱ्यांत, पेढ्यांत आणि कारखान्यांत जी लाचारी व जो निरुत्साह दिसतो त्याचे मूळ परक्या शब्दांत आहे. 'मीटिंग'ची 'बैठक' करा, 'मॅनेजर'चा 'व्यवस्थापक' करा, म्हणजे माणसे आपोआप ताठ उभी राहतील. दुसरे वक्ते एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी नेमके उलट सांगितले. मराठी ही घरची भाषा आहे, कामाची नव्हे. तीत 'तू' आणि 'तुम्ही' यांची उतरंड रचलेली असल्यामुळे मराठीत काम करणारा माणूस साहेबापुढे वाकतो. इंग्रजीत लहानमोठ्यांस एकच सर्वनाम, म्हणून तेथे बरोबरी नांदते. श्रोत्यांनी दोघांसही सारख्याच टाळ्या दिल्या आणि चहा घेऊन सर्व मंडळी घरोघर गेली.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची तीस वर्षे इंग्रजी शिकविण्यात घालविली आहेत. तेव्हा दुसऱ्या वक्त्यांची बाजू घ्यावयाची तर ते पोटाला धरून झाले असते, आणि पहिल्यांची घ्यावयाची तर ते सभेच्या दिवसाला धरून झाले असते. पण आमच्या मते दोघेही चुकले. पहिल्यांनी नामे मोजली, दुसऱ्यांनी सर्वनामे मोजली. क्रियापदाकडे कोणीच पाहिले नाही. आणि कचेरीचा सारा स्वभाव क्रियापदात असतो. काम कोण करणार, चुकले तर कोणाचे चुकले, आणि ते कोणास विचारावयाचे, एवढ्यावर कोणत्याही कामाच्या जागेची रीत ठरते. हे सांगणारा शब्द वाक्यातून काढून टाकला की उरलेले शब्द संस्कृत आहेत की फारसी की इंग्रजी, याने काय फरक पडतो?

शब्द बदलण्याचा उद्योग आमच्या तालुक्यास नवा नाही. किंबहुना तो येथेच सुरू झाला असे म्हटले तरी चालेल. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याच काळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. रघुनाथ पंडितांच्या नावाशी निगडित असलेल्या या कोशात राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग असून दरबारी वापरातील सुमारे 1400 शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती झाला. परक्या सत्तेच्या छायेतून नुकतेच बाहेर पडलेल्या राज्याने स्वतःस स्वतःच्या नावाने हाक मारावी, यात मोठे तेज होते. ते आम्ही नाकारीत नाही. परंतु पुढे काय झाले? 1713 साली बाळाजी विश्वनाथांस जे पद मिळाले त्यास शिक्क्यात 'मुख्य प्रधान' म्हणत, आणि साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी मात्र 'पेशवा' हाच शब्द राहिला. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस ही आडनावे आजही आपल्या शेजारी नांदत आहेत. एखाद्या गृहस्थाचे आडनाव 'सुमंत' असते, पण 'डबीर'ही तितकेच असतात. कोशाने पाट्या बदलल्या, माणसांनी त्यातले जे रुचले ते घेतले, जे रुचले नाही ते सोडले, आणि त्यात कोणाचे बिघडले नाही.

पुढे रत्नागिरीस स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली; माधवराव पटवर्धनांनी 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. राज्य झाल्याबरोबर, 1960 सालीच, भाषा संचालनालय निघाले आणि पदनाम कोश आला, ज्यास आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' असे नाव ठेवून महाराष्ट्रास पोटभर हसविले. 1964 चा राजभाषा अधिनियम झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, 3 फेब्रुवारी 2025 च्या शासन निर्णयाने, सरकारी कार्यालयांत मराठीतच बोलले पाहिजे असे ठरले. मराठीत बोलावे हे ठीकच झाले. पण मराठीत बोलून कारकुनाने समोरच्या माणसास काय सांगावयाचे? 'तुमचे प्रकरण विचाराधीन आहे' हेच ना? विचार कोण करतो आहे, हे त्या म्हाताऱ्यास मराठीतही कळले नाही, तर तो पोलादपुराहून एस.टी.चे भाडे खर्च करून आला कशासाठी?

ज्या राजाने कोश करविला त्याच राजाचे एक पत्र आहे, आणि कोशाचा जितका उत्सव आपण करतो त्याच्या दशांशानेही त्या पत्राचे मनन करीत नाही, हे आमचे दुर्दैव. कशेडी घाट उतरून खाली गेले की पुढे चिपळूण लागते. तेथे लष्कराचा तळ पडला असता जुमलेदारांस, हवालदारांस व कारकुनांस शिवाजी महाराजांनी ते लिहिले आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. दाणावैरण मोठ्या कष्टाने साठविली आहे. महाराज म्हणतात की, तुम्ही ती आता मनास येईल तशी उधळाल तर पावसात तुम्हांस काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी भाजी ओढून आणाल. ते बिचारे म्हणतील, याहून मोगल बरे. आणि मग आगीची गोष्ट येते. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी तसाच निखारा घेऊन तमाखू ओढील, रात्री कोणी दिवा जळता ठेवील, आणि उंदीर ती पेटती वात ओढून नेईल. गंजीस आग लागेल, खण जळतील, घोडी मरतील. मग कितीही गर्दने मारली तरी गेले ते परत येणार नाही.

या पत्रातील कितीतरी नामे फारसी आहेत. शुद्धीवाद्याने तांबडी शाई घेतली तर पान रक्तबंबाळ होईल. पण क्रियापद घ्या: एकही असे नाही की ज्याचा कर्ता समोर उभा नाही. कोणी पेटविले, कोणी ओढले, कोणी मारले, हे तर आहेच; उंदरासदेखील त्याचे कर्तृत्व महाराजांनी दिले आहे! आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे लिहिणारा स्वतः लपलेला नाही. तो रागावला आहे, त्यास काळजी लागली आहे, आणि ती काळजी लहानात लहान शिपायास समजेल अशा रीतीने तो सांगतो आहे. हे पत्र म्हणजे मराठीतील अग्निसुरक्षेची पहिली सूचना म्हणावी. आणि उत्तमही तीच, कारण पुढच्या साडेतीनशे वर्षांत तिच्या तोडीची दुसरी आमच्या पाहण्यात नाही.

आता आजची सूचना पाहा. बिरवाडीच्या बाजूस पसरलेल्या आमच्या औद्योगिक वसाहतीत बहुतेक कारखाने रसायनांचे. तेथे भिंतीवर लिहिलेले असते: 'सुरक्षा उपकरणांचा वापर करणे बंधनकारक आहे.' 'नियमांचे उल्लंघन केल्यास कारवाई करण्यात येईल.' वाक्ये निर्दोष मराठीत आहेत. पण कोणता हातमोजा, कोणत्या पिंपास हात लावताना, तो नसला तर मागावयाचा कोणाकडे, आणि तो देण्याचे काम ज्याचे त्याने दिला नाही तर बंधन कोणी मोडले, याविषयी त्यांत अक्षर नाही. 3 नोव्हेंबर 2023 रोजी याच वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कित्येक कामगार प्राणास मुकले. तो स्फोट भिंतीवरील वाक्याने झाला असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पण ज्या ठिकाणी चूक प्राणावर बेतते त्या ठिकाणी भाषा कशी असावी, हे सतराव्या शतकात ज्यास कळत होते त्याच्याच गडाच्या पायथ्याशी आज ते कळू नये, याची लाज वाटावयास नको काय?

1948 च्या कारखाना कायद्यात 108 वे कलम होते. कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत असाव्यात आणि बहुसंख्य कामगारांस समजेल अशा एका भाषेतही असाव्यात, असे त्यात म्हटले होते. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातही तसेच होते. कायदा करणाऱ्यांनी 'राज्याची भाषा' असे म्हटले नाही, 'समजेल अशी भाषा' असे म्हटले. त्यांची दृष्टी आमच्या दोन्ही वक्त्यांपेक्षा स्वच्छ होती. परंतु 'समजेल' या शब्दाचा अर्थ आपण 'लिपी वाचता येईल' एवढाच केला, आणि भिंती रंगवून मोकळे झालो.

समजणे म्हणजे काय, याचा एक अनुभव सांगतो. पोलादपूर तालुक्यातील डोंगरातल्या एका वाडीचा मुलगा आमच्याकडे बारावीपर्यंत शिकला आणि नंतर एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली लागला. एका पावसाळ्यात दरड कोसळून त्याच्या वाडीचा रस्ता बंद झाला आणि त्याचे पाच दिवस बुडाले. सहाव्या दिवशी त्याच्या हातात एक कागद पडला. 'आपणांविरुद्ध शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये, याबाबतचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करण्यात यावा.' त्याने तो घरी नेला. चुलत्याने वाचला, शेजारच्या पोराने वाचला, आणि तिघांचेही एकमत झाले की, कारवाई करण्यात येऊ नये असे साहेबांनी लिहिले आहे. बिचाऱ्यांनी देवापुढे नारळ फोडला. सात दिवस गेले. मग दुसरा कागद आला: 'विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्याने आपली सेवा समाप्त करण्यात आली आहे.'

तो माझ्याकडे दोन्ही कागद घेऊन आला. ओसरीवर बसून त्याने मला एकच प्रश्न विचारला, "सर, हे कोणी केलं?" मी कागद उलटून पालटून पाहिला. व्याकरणदृष्ट्या त्यात कोणीच नव्हते. कंत्राटदार म्हणाला, कंपनीने केले. कंपनीतील गृहस्थ म्हणाले, कंत्राटदाराने केले. दोघेही खोटे बोलत होते असे म्हणवत नाही. वाक्यच असे होते की त्यात शिरून कोणीही बाहेर पडावे. आणि पहिल्या वक्त्यांनी ध्यानात घ्यावे की, त्या दोन्ही कागदांत कारखान्याच्या नावाखेरीज एकही इंग्रजी शब्द नव्हता.

हे 'करण्यात येते' आले कोठून? कुणबी असे बोलत नाही. 'लावणी करण्यात आली आहे' असे आवणात उभा राहून कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. गिरणगावात गेलेला आमचा पोलादपूरकर असे बोलत नव्हता. त्याने 'खाडा', 'पाळी', 'बदली' असे दोन-तीन अक्षरांचे खणखणीत शब्द कामास लावले होते, आणि 'मुकादमानं माझा खाडा मांडला' या वाक्यात मांडणारा, ज्याचा मांडला तो आणि जे मांडले ते, असे तिघेही हजर होते. कचेरीतला हा प्रयोग आला तो इंग्रजी अमदानीतील हुकूमनाम्यांच्या साच्यातून. मूठभर परक्या अंमलदारांस सातासमुद्रापलीकडच्या सत्तेच्या नावाने हुकूम सोडावयाचे होते; हुकूम कोणाचा हे जितके धूसर तितका दरारा मोठा. त्यांचे दप्तर मराठीत उतरविताना भाषांतरकारांनी शब्द मराठी घेतले आणि वाक्याचा सांगाडा तसाच ठेवला. साहेब गेला, सांगाडा आमच्या दप्तरात उभा आहे. गंमत अशी की, साहेबाने आपल्या घरी तो केव्हाच मोडावयास घेतला. 1948 साली ब्रिटिश खजिन्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी तेथील कारकुनांसाठी 'प्लेन वर्ड्स' नावाचे छोटे पुस्तक लिहिले, आणि कागद ज्याच्याकडे जावयाचा त्याच्या जागी स्वतः बसून लिहा, असा त्याचा सारा रोख होता. ज्या इंग्रजीचे गोडवे दुसऱ्या वक्त्यांनी गाइले, तिच्या कचेरीसही हाच रोग जडला होता.

परंपरा सांगते की, दासबोध याच तालुक्यातील शिवथरघळीत रचला गेला. त्यात 'लेखनक्रियानिरूपण' नावाचा एक समास आहे. बोरू, शाई, ओळी, अक्षरांची गोलाई यांचा त्यात बारीक विचार आहे. एक संन्यासी अक्षराच्या गोलाईची एवढी फिकीर करतो ती वाचणाऱ्यासाठी. आमचे पगारी लेखनिक अक्षराची फिकीर यंत्रावर सोपवून मोकळे झाले. पण वाचणाऱ्याची फिकीर कोणत्या यंत्रावर सोपविली, हे समजत नाही.

2 ऑगस्ट 1916 नव्हे, 2 ऑगस्ट 2016 ची रात्र महाडकर विसरणार नाहीत. (तारीख लिहिताना हात शंभर वर्षे मागे गेला, कारण पूल तसाच जुना, इंग्रजी अमदानीतला होता.) सावित्रीच्या पुरात तो वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या गाड्या व त्यांतील माणसे गेली. मागाहून सरकारतर्फे सांगण्यात आले की, मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस सुरक्षित आढळला होता. 'तपासणी झाली', 'सुरक्षित आढळला'. तपासणी ही पावसासारखी आपोआप होते काय? कोणाच्या तरी डोळ्यांस तो आढळला असेल ना? भाषेने पूल पडत नाही हे खरे. पण ज्या कचेरीत 'मी पुलाखाली उतरून पाहिले, मला असे दिसले' असे लिहिण्याची चाल असते तेथे पुलाखाली उतरावे लागते, आणि जेथे 'आढळून आले' एवढ्यावर भागते तेथे न उतरताही भागते. चालीचा हा परिणाम आहे, आणि तो मोजता येत नाही म्हणून कमी नाही.

आमच्या गावाने या गोष्टीचा धडा एकदा साऱ्या देशास दिला होता. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठरावाचे शब्द काहीही असोत, त्यातील क्रियापदास कर्ता मिळाला नाही. तीन वर्षे तळे कागदावर खुले होते आणि काठावर बंद होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली, आणि त्यांनी पाणी प्यायले. त्या दिवशी त्या वाक्यास कर्ता मिळाला. मग काय झाले तेही ठाऊक आहे: दंगा झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिवाणी दावा लागला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल देईपर्यंत दहा वर्षे गेली. एका ठरावाचा कर्ता होण्याची किंमत एवढी असते. म्हणूनच कचेरीतील शहाणी माणसे कर्ता होत नाहीत.

आता दुसऱ्या वक्त्यांकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे, आणि तो आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. सर्वनामात सत्ता असते. पण ती कोठे असते? 'तू' या शब्दात नाही. मराठी माणूस आईस 'तू' म्हणतो, विठोबास 'तू' म्हणतो. त्यात कोणी कोणास वाकविले? सत्ता आहे ती 'तू'च्या एकतर्फीपणात. साहेब गड्यास 'तू' म्हणतो आणि गडी साहेबास 'तू' म्हणू शकत नाही, एवढीच तिची खूण. ज्या सर्वनामाने हाक आली त्याच सर्वनामाने उत्तर देता येते की नाही, ही कसोटी लावा. मग भाषा कोणतीही असो. इंग्रजीचे 'यू' या कसोटीस उतरते असे आमच्या वक्त्यांस वाटते, कारण ते फक्त आपल्या बरोबरीच्यांशी इंग्रजी बोलत आले. आमच्या वसाहतीत एक फेरफटका मारावा. साहेब साहेबाशी इंग्रजीत बोलतो. दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या कामगाराशी तोच साहेब हिंदीत बोलतो, आणि ती हिंदी आज्ञार्थापलीकडे जात नाही. गावच्या मदतनिसास मराठीत 'ए, इकडे ये' म्हणतो. एकाच मनुष्याच्या तोंडी तीन भाषा तीन मजल्यांसारख्या रचलेल्या आहेत, आणि बरोबरी फक्त वरच्या मजल्यावर राहते. त्या मजल्यावर चढण्याचा जिना कोठे आहे, हे खालच्यांस ठाऊक नाही. इंग्रजीने उतरंड मोडली नाही. तिने उतरंडीवर आणखी एक मडके ठेवले.

आणि आम्ही पांढरपेशे तरी काय करतो? आमच्या शाळा-कॉलेजांत शिपायास 'मामा' म्हणतात, झाडलोट करणाऱ्या बाईस 'मावशी' म्हणतात. ऐकावयास किती गोड! पण प्राचार्यांस कोणी 'मामा' म्हटल्याचे ऐकिले आहे काय? नाते खाली जाते आणि हुद्दा वर जातो. 'मामा' म्हटले की सुटीच्या दिवशी बोलाविता येते, कारण घरच्या माणसास कोणी जादा कामाचा पगार देत नाही. मी स्वतः वीस वर्षे एका शिपायास 'मामा' म्हणत आलो. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या निरोपाचे चार शब्द लिहावयास बसलो तेव्हा त्यांचे पूर्ण नाव मला दुसऱ्यास विचारावे लागले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण दुसऱ्यांचे कागद वाचून दाखवावयाचे तर आपलाही दाखविला पाहिजे.

हाक बदलली की काम बदलते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच मातीत आहे. वतनदार महाराने गावच्या चावडीवर येऊन 'जोहार' घालावयाचा, ही कामाच्या जागेची भाषाच होती: पैसा नाही, वेळ नाही, नकार नाही, एक हाक आणि एक जोहार. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि 1894 साली लष्करातील भरतीसाठी सरकारास अर्ज लिहिला. पुढच्याच वर्षी महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा स्पृश्य सभासदांच्या पोटात दुखू लागले. कारण स्पष्ट आहे. जोहार घालणारा माणूस त्यांना चालत होता. शेजारी बसून 'माझे मत असे आहे' म्हणणारा चालत नव्हता. चवदार तळ्यानंतर वर्षभरात, 1928 साली, आंबेडकरांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल कौन्सिलात मांडले. वतन संपले ते 1958 च्या कायद्याने. पण चावडीवरचा जोहार त्याच्या कितीतरी आधी लोकांच्या ओठांवरून उतरला होता. कायदा मागाहून आला. हाक आधी बदलली, आणि ती ज्यांनी बदलली त्यांना कोणत्याही संचालनालयाने शब्द पुरविले नव्हते.

सरकारी लेखनाचे जाणकार आम्हांस सांगतील की, अधिकारी बदलतो, कचेरी राहते. म्हणून व्यक्तीचे नाव घालता येत नाही, आणि 'सक्षम प्राधिकारी' म्हणणे भाग पडते. ठीक आहे. व्यक्तीचे नाव घालू नका, पदाचे घाला. 'महाडचे तहसीलदार तुमचा दाखला अमुक तारखेपर्यंत देतील. न दिल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार करा.' यात कोणता कायदा मोडतो? 'तुम्ही पाच दिवस कामावर आला नाही. का आला नाही, ते मला सात दिवसांत सांगा. सांगितले नाही तर मी तुम्हांस कामावरून काढीन' असे त्या मुलास लिहिले असते तर तो धावत येऊन दरड कोसळल्याचे सांगून गेला असता. मग त्यास काढण्याचे कारणच उरले नसते; आणि आमचा संशय असा आहे की, पुष्कळदा ही अडचण टाळण्यासाठीच कागद तसा लिहिला जातो. भाषेची गैरसोय वाटते ती प्रत्यक्षात कोणाची तरी सोय असते. ही सोय मराठीत होते तशी इंग्रजीत होते, संस्कृतप्रचुर मराठीत तर विशेष चांगली होते. 'विहित', 'प्राप्त', 'कार्यवाही' हे शब्द रायगडच्या कोशातील शब्दांचे दूरचे नातलग आहेत. पण चिपळूणच्या पत्राशी त्यांचे काही नाते नाही.

हे सर्व नुसते लिहून थांबू नये म्हणून ज्या संस्थेत मी काम करतो तिच्याकडे मी एक अर्ज दिला. सभांच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे तो कोण पार पाडणार व केव्हापर्यंत, हे लिहावे. आणि सेवकवर्गास द्यावयाचा कोणताही कागद आधी त्यास वाचून दाखवून, त्यास काय समजले ते विचारावे, एवढेच त्यात होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली असून तिचा यथावकाश विचार करण्यात येईल.' खाली सही होती. ती कोणाची, हे मला अद्याप लागलेले नाही.